गळ्यातली नळी : ट्रॅकिओस्टॉमीनंतर काय बिघडू शकतं आणि घरच्यांनी काय करायचं

व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला आठवडा-दहा दिवस झाले आणि तोंडातली नळी लवकर निघेल असं दिसत नसलं, की डॉक्टर घरच्यांना बोलावून ट्रॅकिओस्टॉमीबद्दल, म्हणजे गळ्याला भोक पाडून थेट श्वासनलिकेत नळी घालण्याबद्दल, सांगतात. आम्ही वॉर्डात तिला नुसतं 'ट्रेकी' म्हणतो. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ऑपरेशनमध्ये काही होणार नाही ना?" प्रश्न बरोबरच आहे. पण ठाण्यातल्या आयसीयूत सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढल्यावर मला वाटतं, त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा : "नंतर नळी चोंदली किंवा निघाली, तर कोण काय करणार?" भोक पाडायला साधारण अर्धा तास लागतो आणि त्या वेळी चार जाणकार माणसं पेशंटभोवती उभी असतात. जिवावर बेतणारे प्रसंग येतात ते पुढच्या दिवसांत, रात्री तीन वाजता, कूस बदलताना, किंवा घरी नेल्यावर.

ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या अपघातांच्या देशभरातल्या पाहणीचा अहवाल २०११ साली आला. आयसीयूतल्या गंभीर घटनांमध्ये जागेवरून सरकलेल्या ट्रॅकिओस्टॉमी नळ्यांचा वाटा मोठा निघाला. बऱ्याच ठिकाणी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड दाखवणारा कॅप्नोग्राफ लावलेलाच नव्हता, त्यामुळे नळी सरकल्याचं उशिरा कळलं. तुमच्या पेशंटच्या मॉनिटरवर कॅप्नोग्राफची रेघ चालू आहे का, हे विचारायला संकोच करू नका.

सही करण्याआधी

नळी तोंडातून फार दिवस राहिली की ओठ, जीभ आणि स्वरतंतूंना इजा होते. पेशंटला गुंगीत ठेवावं लागतं आणि तोंडाची स्वच्छता नीट होत नाही. गळ्यातून नळी घातली की गुंगीचं औषध कमी करता येतं, पेशंट उठून बसू शकतो, व्हेंटिलेटरवरून काढणंही सोपं जातं. पण बहुतेक वेळा हा निर्णय तासाभरात घ्यायची घाई नसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात पहिल्या चार दिवसांत केलेली ट्रॅकिओस्टॉमी आणि दहा दिवसांनंतर, गरज राहिली तरच केलेली ट्रॅकिओस्टॉमी यांची तुलना केली. मृत्यूच्या प्रमाणात फरक आढळला नाही. त्यामुळे गावाहून भाऊ येईपर्यंत एक दिवस थांबलात म्हणून पेशंटचं नुकसान झालं, असं मनाला लावून घेऊ नका.

पद्धती दोन. एक ऑपरेशन थिएटरमधली, गळ्याला छेद देऊन. दुसरी बेडवरच सुई, तार आणि डायलेटर वापरून भोक रुंद करत जाण्याची. ही दुसरी पद्धत १९८५ मध्ये सियाग्लिया या सर्जनने मांडली आणि आज आयसीयूत तीच जास्त वापरतात. मान फार आखूड किंवा जाड असेल, थायरॉइडची गाठ असेल, गळ्यावर आधी ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टर बहुधा थिएटरची वाट धरतात.

तुम्ही स्वतःहून सांगायची गोष्ट म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळ्या. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन, जे काही चालू होतं ते कागदावर लिहून द्या. "बीपीची गोळी घ्यायचे" एवढ्यावर भागत नाही, घरातलं औषधाचं पाकीटच घेऊन या. आणि विचारून घ्या : नळी कितव्या नंबरची घालणार, तिला आतली काढता येणारी नळी आहे का, आणि ती आणायला तुम्हाला सांगणार का. आतली नळी असलेला प्रकार थोडा महाग पडतो, पण चोंदली तर आतली काढली की श्वास मोकळा होतो. परवडत असेल तर माझं मत त्याच्याच बाजूनं आहे.

पहिला दिवस

भोकाच्या कडेनं थोडं रक्त झिरपणं आणि सक्शनमध्ये, म्हणजे नळीतले बेडके मशीननं ओढून काढताना, लालसर धागे दिसणं चालतं. ड्रेसिंग पुन्हापुन्हा भिजत असेल तर सिस्टरला सांगा. गळा, गाल किंवा छाती अचानक सुजली आणि बोटानं दाबल्यावर कातडीखाली चुरचुर जाणवली, तर हवा कातडीखाली शिरते आहे. हे कळवायला उशीर नको, कारण नळी सरकलेली असू शकते किंवा फुप्फुसाभोवती हवा साठत असू शकते. शंका आली की छातीचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतात.

पहिला आठवडा : नळी निघता कामा नये

कातडीपासून श्वासनलिकेपर्यंतची वाट पक्की व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. तोपर्यंत नळी निघाली तर मागची वाट लगेच मिटते. तीच नळी घाईनं परत ढकलली तर ती श्वासनलिकेत न जाता तिच्यापुढच्या मांसात शिरू शकते. अशा नळीतून हवा दिली की गळा फुगतो आणि फुप्फुसात काहीच जात नाही. म्हणून या दिवसांत नळी निघाली तर भोकावर गॉज दाबून तोंडावर मास्क धरून अ‍ॅम्बू बॅगने, म्हणजे हातानं दाबायच्या पिशवीनं, श्वास देणं आणि गरज पडली तर तोंडातून पुन्हा नळी टाकणं, हा सुरक्षित मार्ग. ते काम आमचं. तुमचं काम म्हणजे पहिल्या सेकंदाला मोठ्यानं हाक मारणं. पेशंट एकाएकी बोलू लागला, कण्हताना आवाज फुटला, किंवा व्हेंटिलेटरचा अलार्म थांबेना, तर नळी वर सरकली असेल असं धरून चाला.

नळी निघण्याची वेळ बहुतेकदा हलवाहलवीची असते. स्पंज देताना, चादर बदलताना, एक्स-रेची प्लेट पाठीखाली सरकवताना व्हेंटिलेटरचा पाइप रेलिंगमध्ये अडकतो आणि नळी ओढली जाते. कूस बदलताना एका माणसाचा हात फक्त नळीवर हवा, त्यानं दुसरं काही करायचं नाही. मावशी एकट्याच पेशंट वळवताना दिसल्या तर "मावशी, थांबा, सिस्टरना बोलावते" म्हणायला लाजू नका. त्यांना राग येत नाही.

दुसरं कारण पेशंटचा स्वतःचा हात. आयसीयूत दिवस-रात्रीचं भान सुटतं, भास होतात, माणूस घाबरून नळी ओढतो. हात बांधणं हा शेवटचा उपाय. त्याआधी चष्मा आणि कानाचं मशीन घरून आणून द्या. भेटीच्या वेळेत वार, तारीख, सकाळ की संध्याकाळ हे सांगत राहा. एका जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा : तहान लागली, दुखतंय, कूस बदला, श्वास घेता येत नाही, भीती वाटते. पेशंट बोटानं दाखवू शकतो. एकेक अक्षर शोधायला लावलं तर तो थकतो, म्हणून तयार वाक्यंच ठेवा.

गळ्याभोवतीच्या पट्टीखाली एक बोट जाईल इतकीच सैल जागा हवी. पट्टी बदलताना दोन माणसं लागतात, एकानं नळी धरायची आणि दुसऱ्यानं बांधायचं. बेडपाशी काय असायला हवं तेही पाहून ठेवा : त्याच नंबरची एक जास्तीची नळी, एक नंबर लहान दुसरी, चालू स्थितीतलं सक्शन, ऑक्सिजन, अ‍ॅम्बू बॅग आणि मास्क, दहा मिलिची सिरिंज. उशाशी एक कागदही हवा. ट्रॅकिओस्टॉमी कधी केली, कोणत्या पद्धतीनं, नळीचा नंबर काय, आणि तोंडाकडची वाट मोकळी आहे की नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. घशाच्या कॅन्सरमध्ये स्वरयंत्र काढलेल्या पेशंटला तोंडातून श्वास देऊन उपयोग नसतो, म्हणून ही शेवटची नोंद फार मोलाची.

नळी चोंदणं

सगळ्यात जास्त वेळा होणारा आणि सगळ्यात जास्त टाळता येणारा धोका हाच. नाक हवा गाळतं, कोमट करतं, ओलावा देतं. गळ्यातून श्वास सुरू झाला की ते सगळं बंद पडतं. कोरडी हवा आत जाते, बेडके घट्ट होतात, नळीच्या भिंतीला चिकटून सुकतात आणि एके दिवशी आख्खी गुठळी अडकते. बाहेर ठाण्याची दमट हवा असली तरी एसी चोवीस तास चालू असलेली खोली कोरडीच असते. त्यावर उपाय म्हणजे नळीच्या तोंडावर ओलावा धरणारा फिल्टर किंवा हीटेड ह्युमिडिफायर, डॉक्टरांनी सांगितल्यास सलाइनचं नेब्युलायझेशन, आणि शरीरात पुरेसं पाणी.

चोंदत आल्याची खूण आधी कानाला कळते. आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटची सून रोज संध्याकाळी उशाशी बसायची. एकदा ती म्हणाली, "सिस्टर, आज श्वासाला बारीक शिट्टी येतेय, काल नव्हती." मॉनिटरवर ऑक्सिजन ९७ होता, सगळं ठीक दिसत होतं. आतली नळी काढून उजेडात धरली तर अर्धं भोक पिवळट पापुद्र्यांनी भरलेलं. धुऊन घातली, शिट्टी गेली. ऑक्सिजनचा आकडा पडतो तो फार उशिरा. त्याआधी शिट्टी, खरखर, मानेचे स्नायू ताणले जाणं, अस्वस्थपणा, कपाळावर घाम, हे दिसतं. रोज पाहणाऱ्या माणसाला ते आमच्याही आधी कळू शकतं.

सक्शन कसं करायचं हे डिस्चार्जच्या आधी सिस्टरसमोर, तुमच्या स्वतःच्या पेशंटवर, हात बसेपर्यंत करून बघा. नुसतं बघून घरी नेऊ नका. पायऱ्या अशा : हात साबणाने धुवा, ग्लोव्हज घाला. पेशंटला सांगा की आता खोकला येईल. ऑक्सिजन चालू असेल तर आधी अर्धा मिनिट वाढवा. कॅथेटरची, म्हणजे सक्शनसाठी आत घालायच्या बारीक नळीची, जाडी गळ्यातल्या नळीच्या आतल्या भोकाच्या निम्म्याहून जास्त नको. त्याचा सोपा हिशेब आहे, नळीच्या नंबरातून दोन वजा करा आणि दुप्पट करा. आठ नंबरच्या नळीला बारा नंबरचं कॅथेटर. सक्शनचा दाब मोठ्या माणसाला साधारण ८० ते १२० मिमी पारा, फार चिकट असलं तरी १५० च्या वर नको. कॅथेटर आत घालताना ओढ बंद ठेवा, म्हणजे अंगठा छिद्रावरून काढलेला. नळीची लांबी आधी मोजून ठेवा आणि तिच्या टोकापर्यंत, फार तर अर्धा-एक सेंटिमीटर पुढे जा. मग अंगठा ठेवून, कॅथेटर गोल फिरवत बाहेर काढा. आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत दहा सेकंद. पेशंटला दम घेऊ द्या, मग हवं तर पुन्हा. दर वेळी सलाइन सोडायची सवय लावू नका, आणि घड्याळ लावून तासातासाला सक्शनही करू नका. खरखर ऐकू आली, बेडका दिसला, की करा. विनाकारण केलेल्या सक्शननं आतलं अस्तर सोलवटतं.

आतली नळी दिवसातून तीन-चार वेळा, बेडके जास्त असतील तर त्याहून जास्त वेळा काढून साफ करा. जोडीची दुसरी हाताशी ठेवा, एक धुवायला काढली की लगेच दुसरी बसवता येते.

घरी श्वास अडकलाच तर क्रम हा. कुणाला तरी १०८ ला फोन करायला लावा आणि तुम्ही हे सुरू करा :

१. नळीवरचं सगळं काढा : बोलण्याचा व्हॉल्व्ह, टोपी, फिल्टर.
२. आतली नळी काढा. बऱ्याचदा एवढ्यावरच सुटका होते.
३. सक्शन कॅथेटर घालून बघा. आत गेलं तर ओढा.
४. जात नसेल तर, नळीच्या खालच्या टोकाजवळ फुगा असल्यास (त्याबद्दल पुढे सांगते) सिरिंजनं त्यातली हवा काढा. तोंडाची वाट मोकळी असेल तर नळीच्या कडेनं हवा जाऊ लागते.
५. तरीही सुधारणा नाही, तर चोंदलेली नळी ठेवून उपयोग नाही. ती काढा. शिकवलं असेल आणि भोक जुनं झालं असेल तर जास्तीची किंवा एक नंबर लहान नळी घाला. जमत नसेल तर भोकावर गॉज दाबून तोंडावरच्या मास्कमधून अ‍ॅम्बूनं श्वास द्या. ऑक्सिजन असेल तर तोंडाशी आणि गळ्याशी, दोन्हीकडे धरा.

रक्त

पहिल्या दोन दिवसांनंतर नळीतून किंवा नळीच्या कडेनं चमचा-दोन चमचे ताजं लाल रक्त आलं, तर ते थांबलं तरी गप्प बसू नका. श्वासनलिकेच्या पुढून एक मोठी धमनी जाते. नळीचं टोक किंवा फुगा भिंतीवर घासत राहिला तर त्या धमनीला भोक पडू शकतं. हे फार क्वचित, शंभरात एकापेक्षाही कमी पेशंटमध्ये होतं. बहुतेकदा पहिल्या तीन-चार आठवड्यांत होतं. यातल्या बऱ्याच पेशंटना मोठ्या रक्तस्रावाच्या आधी असा छोटा रक्तस्राव होऊन थांबलेला असतो. तो इशारा ओळखला तर दुर्बिणीनं आणि सीटी स्कॅननं तपासायला वेळ मिळतो. एकदम रक्ताची धार लागली तर फुगा जास्त फुगवून ती दाबून धरतात आणि सर्जनला बोलावतात, पण तेव्हा हातात मिनिटंच असतात. "सक्शन जोरात झालं असेल" असं म्हणून कुणी टाळलं, तरी डॉक्टरांनी येऊन बघावं असा आग्रह धरा.

फुगा, गिळणं, बोलणं

नळीच्या खालच्या टोकाजवळ एक फुगा असतो, तो श्वासनलिका भरून टाकतो म्हणून व्हेंटिलेटरची हवा वर निसटत नाही. त्यातला दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतकाच असावा. जास्त झाला तर आतल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो, कमी पडला तर लाळ खाली उतरते. बाहेर लोंबणारा छोटा फुगा बोटांनी दाबून अंदाज घेणं पुरेसं नाही. त्यासाठी मोजायचं यंत्र असतं आणि प्रत्येक ड्युटीला एकदा तरी दाब मोजून फाइलमध्ये लिहायला हवा. फाइलमध्ये तो आकडा दिसत नसेल तर विचारा.

दाब फार दिवस जास्त राहिला, त्यात नाकातून घातलेली अन्ननळीतली नळीही असली, तर श्वासनलिका आणि अन्ननळी यांच्या मधली भिंत झिजून भोक पडू शकतं. नाकातून दिलेलं दूध सक्शनमध्ये दिसणं किंवा व्हेंटिलेटरवर असताना पोट फुगत जाणं, ही त्याची खूण.

आणि हे कळकळीनं सांगते. फुगा फुगलेला आहे म्हणून तोंडातून दिलेलं खाली जाणार नाही, असं नसतं. भेटीच्या वेळी आजोबांना चमचाभर तीर्थ, दोन घोट नारळपाणी, थोडी पेज हळूच भरवणारी प्रेमाची माणसं मी पाहते. त्यातलं थोडंथोडं फुप्फुसात जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडात काही नको. तीर्थ कपाळाला लावा. तोंड कोरडं पडतं, त्यासाठी ओल्या गॉजनं ओठ आणि जीभ पुसून द्या, पेशंटला त्यानं खूप बरं वाटतं. नाकातून फीड देताना आणि नंतर काही वेळ उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा.

बोलण्याचा व्हॉल्व्ह लावायच्या आधी फुगा पूर्ण रिकामा करायचाच. व्हॉल्व्हमधून हवा फक्त आत जाते, बाहेर जायची ती नळीच्या कडेनं वर. फुगा फुगलेला राहिला तर श्वास सोडायला वाटच उरत नाही.

घरी

घरी सोडताना बऱ्याच जणांना धातूची नळी बसवून देतात. ती टिकते आणि उकळून साफ करता येते. पण तिला अ‍ॅम्बू बॅग जोडता येत नाही, तिला फुगा नसतो, आणि एमआरआय करायचा असेल तर आधी सांगावं लागतं. या गोष्टी डिस्चार्जच्या दिवशीच समजून घ्या.

सक्शन मशीन विजेवर चालतं. महावितरणचा शटडाउन असतो, पावसात फीडर उडतो. बॅटरीवर चालणारं मशीन किंवा इन्व्हर्टर नसेल तर पायानं दाबायचा सक्शन पंप भाड्यानं किंवा विकत घेऊन ठेवा आणि चालवून बघा. चौदाव्या मजल्यावर राहत असाल तर लिफ्टला जनरेटर आहे का आणि स्ट्रेचर आत मावतं का, हे सोसायटीत आधीच विचारा.

धुळीचं तर बोलायलाच नको. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, तुर्भे-तळोज्याकडे कारखाने आणि ट्रक. नळीसमोर फिल्टर किंवा सुती ओलसर कापडाचा पडदा हवा. कापूस किंवा धागे सुटणारं कापड नको, तंतू आत जातात. त्या खोलीत अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, टाल्कम पावडर बंद. ऑक्सिजन चालू असेल तर निरांजनही दुसऱ्या खोलीत. आंघोळीला पाणी गळ्याच्या खाली ठेवा. भोकाभोवतीची जागा रोज सलाइनने पुसून कोरडी करा. पावसाळ्यात ड्रेसिंग ओलं राहिलं की कातडी लाल होऊन चिघळते.

अपघात झाला तर कुठं जायचं हे आज ठरवा. कासारवडवलीहून संध्याकाळी कळव्याला, किंवा ऐरोलीहून पुलापलीकडे जाणं ट्रॅफिकच्या हातात असतं आणि गायमुखच्या बाजूला ट्रक अडकले की काही खरं नाही. तुमच्या घराच्या बाजूला, कोंडी लागायच्या आधी येणारं, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि आयसीयू असलेलं हॉस्पिटल शोधा. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशीचं महापालिकेचं रुग्णालय ही सरकारी ठिकाणंही यादीत ठेवा. १०८ ला फोन करताना पहिलं वाक्य "पेशंटच्या गळ्यात नळी आहे, सक्शन लागेल" हेच बोला.

नळी काढल्यावर

पेशंट जोरानं खोकू शकतो, लाळ गिळतो, सक्शन कमी लागतं आणि नळीला टोपी लावून दिवस-रात्र आरामात राहतो, असं झालं की डॉक्टर नळी काढतात. भोक काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत आपोआप मिटतं. तोवर बोलताना आणि खोकताना ड्रेसिंगवर दोन बोटं दाबून धरायची. मिटलंच नाही तर छोटं ऑपरेशन करून शिवतात.

इथे बरेच जण फॉलो-अप सोडतात, आणि एक त्रास नेमका नंतर वर येतो. नळीच्या किंवा फुग्याच्या जागी आतून व्रण धरतो, मांस वाढतं आणि श्वासनलिका अरुंद होत जाते. आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. सुरुवातीला जिना चढताना दम लागतो. श्वासनलिकेची वाट अगदी बारीक झाली की बसल्या जागी श्वास आत घेताना घर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येतो. पुष्कळांना दमा समजून पंप दिला जातो आणि गुण येत नाही. नवीन डॉक्टरांना गळ्यावरचा छोटा व्रण शर्टाच्या कॉलरखाली दिसतही नाही. म्हणून धाप लागून कुठेही दाखवायला गेलात तर "आधी व्हेंटिलेटरवर होते, ट्रॅकिओस्टॉमी झाली होती" हे स्वतःहून सांगा आणि दुर्बिणीची तपासणी किंवा सीटी स्कॅन लागेल का ते विचारा. बसल्या जागी आवाज येत असेल तर दुसऱ्या दिवसाची ओपीडी नको, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. डिस्चार्ज कार्डावर नळी घातल्याची आणि काढल्याची तारीख, तिचा नंबर लिहून घ्या, आणि त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा.